कॉम्पोझिट फोटोंवरचे अभिप्राय: प्रकल्प नोंदी, नाशिक

१ नोव्हेंबर २०२५

आमच्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आज ठरलं. जानेवारी अखेरपर्यंत फक्त कॉम्पोझिट, म्हणजे दोन किंवा अधिक फोटो जोडून केलेलं एक चित्र. एकाने काम टाकायचं, बाकीच्यांनी त्यावर लिहायचं. अभिप्राय गोळा करणं, लिहिणाऱ्यांना हळूहळू सवय लावणं आणि ही वही ठेवणं माझ्याकडे आलंय.

हे काम मी मागून घेतलं. आपल्याकडे कॉम्पोझिटवर दोनच प्रकारची वाक्यं पडतात. एक, ‘लय भारी’. दुसरं, ‘फेक वाटतोय’. केसांचा मास्क करताना, म्हणजे केसांची कड नीट वेगळी काढताना, ज्याने रात्र घालवली, त्याच्या हाती दोन्हींतून काहीच लागत नाही. त्यामुळे चांगली कामं करणारे दोघं-तिघं फोटो टाकायचेच थांबले, आणि ते मला फार लागलं आहे. या प्रकल्पातून मला एवढंच हवंय: नजर नेमकी कुठे अडखळली ते दाखवायचं, का अडखळली ते सांगायचं, आणि त्याआधी चित्राला काय म्हणायचंय ते विचारायचं.

सुरुवातीला थोडी शिस्त घातली. फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायची, नाहीतर व्हॉट्सॲप ती दाबून टाकतं आणि मग कडा फाटल्यात की फाइल बिघडलीय हे कळत नाही. मूळ तुकडे सोबत द्यायचे. आपल्याला काय साधायचं होतं, ते एका ओळीत लिहायचं. बघणाऱ्याने फोनचा नाइट मोड बंद केल्याशिवाय रंगांवर अवाक्षर काढायचं नाही.

सिडकोतल्या एका काकांनी विचारलं, “जोडाजोडीला फोटोग्राफी म्हणायचं का?” मी त्यांना जुनी गोष्ट सांगितली. १८५० च्या दशकात काचेवरच्या ओल्या कोलोडियन प्लेटला निळा उजेड फार लवकर लागायचा, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक पडायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने आकाशाची वेगळी आणि पाण्याची वेगळी निगेटिव्ह घेऊन क्षितिजावर जोडली. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर या फोटोग्राफरने तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र केलं. आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. पुढे पडद्यावर देवांचे चमत्कार दाखवायला त्यांनी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्यासारख्या युक्त्या वापरल्या. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण दर पावसाळ्यात फोटो काढायला जातो. जोडाजोडी या गावाला नवी नाही.

७ नोव्हेंबर

पहिलं काम परवाच्या त्रिपुरी पौर्णिमेचं. कॉलेज रोडला राहणाऱ्या एका मुलाने गोदाघाटावरचे दिवे २४ एमएमच्या रुंद लेन्सवर टिपले आणि वर, लांबचं जवळ आणणाऱ्या टेलीलेन्सने घेतलेला चंद्र बसवला. चंद्राने फ्रेमची जवळजवळ पाव रुंदी घेतलीय. त्याची ओळ: ‘घाटावर उभं असताना चंद्र अंगावर आल्यासारखा वाटला, तसं दाखवायचं होतं.’

लगेच एकाने लिहिलं, “चंद्र एवढा मोठा असतो का?” मी उत्तर थांबवायला सांगितलं. मोठा नसतो हे त्यालाही ठाऊक आहे. आकाशात चंद्र साधारण अर्धा अंश भरतो. फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर, २४ एमएमला तो रुंदीच्या साधारण दीडशेव्या भागाएवढा येईल. पाव रुंदी भरायची तर हजार एमएमच्या आसपास लेन्स हवी, आणि त्या लेन्समध्ये दिव्यांची अख्खी रांग मावायची नाही. हा हिशेब त्याला जरूर सांगावा, पण चूक म्हणून नको. त्याला चंद्र मोठाच हवाय. मग मोठ्या चंद्राचे परिणाम चित्रात दिसायला हवेत, आणि बोलण्यासारखं आहे ते तिथेच.

ते कुठे दिसत नाहीत, हे मी बाण काढून पाठवलं. पाण्यात दिव्यांच्या सोनेरी रेघा उतरल्यात, चंद्राचं मात्र पाण्यात काहीच नाही. एवढा मोठा चंद्र असताना पाण्यावर त्याचा चकाकता पट्टा पडायलाच हवा, आणि तो चंद्राच्या बरोबर खालून सरळ बघणाऱ्याकडे येतो, तिरका जात नाही. दुसरं, क्षितिजाशी मावळतीची लाली आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणजे संध्याकाळी पूर्वेला. लाली आणि पूर्ण चंद्र एकाच बाजूला दिसले की कारण कळलं नाही तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. तिसरं, क्षितिजाजवळचा चंद्र जाड हवेतून येतो, म्हणून पिवळसर आणि जरा मळकट दिसतो. याचा चंद्र डोक्यावरच्या आकाशातून उचललेला, निळसर-पांढरा.

त्याचं उत्तर आलं, “दादा, लाली जाऊ दे, चंद्र ठेवतो.” निर्णय त्याचा, आणि मला तो पटला. चंद्राला पिवळटपणा दिला, लालीचा रंग उतरवला, पाण्यात पट्टा आणला. पट्टा आधी अगदी सरळ आणि गुळगुळीत होता. जेल रोडच्या ताईंनी सुचवलं की दिव्यांच्या रेघा लाटांमुळे जिथे जिथे तुटतात, तिथेच चंद्राचा पट्टाही तोड. आतापर्यंतचा सगळ्यात नेमका अभिप्राय हा. जागा दाखवली, कारण चित्रातच होतं, आणि लगेच करता आलं.

१६ नोव्हेंबर

बोलून भागत नाही, म्हणून सकाळी गोल्फ क्लब मैदानावर जमलो. चालायला येणाऱ्यांची गर्दी होती, तरी एक कोपरा मिळाला.

आधी क्षितिज. ट्रायपॉडवर कॅमेरा छातीच्या उंचीला लावला आणि सारख्या उंचीच्या तिघांना जवळ, मध्ये आणि लांब उभं केलं. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ तिघांच्याही छातीतूनच जाते, माणूस कितीही लांब गेला तरी. कॅमेरा गुडघ्याशी आणला की रेघ तिघांच्या गुडघ्यांतून जाते. कॉम्पोझिटमध्ये माणूस ‘तरंगतोय’ किंवा ‘राक्षस वाटतोय’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हीच रेघ चुकलेली असते. आता असं लिहिता येईल: “मागच्या फोटोत क्षितिज उभ्या माणसांच्या डोळ्यांतून जातंय, तू बसवलेल्या माणसाच्या कमरेतून. एकतर त्याला खाली घे, नाहीतर कमरेच्या उंचीवरून काढलेलं दुसरं बॅकग्राउंड शोध.” हे वाचून माणूस कामाला लागू शकतो.

मग सावल्या. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही तो ४७ अंशांपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. मे महिन्यातल्या लग्नात काढलेला नवरदेव डिसेंबरच्या घाटावर आणून ठेवला तर नाकाखालची आणि डोळ्यांच्या खोबणीतली काळी सावली लगेच ओरडते. ती नंतर पुसता येत नाही. तिथे प्रामाणिक अभिप्राय एकच: दुसरा फोटो घे.

सावलीची कडही सगळ्यांनी वाकून पाहिली. बुटाशी धारदार, डोक्याकडे मऊ. सूर्य ठिपका नाही, तोही अर्ध्या अंशाची तबकडी आहे. वस्तूपासून मीटरभर लांब पडलेल्या सावलीची कड साधारण नऊ मिलिमीटर विरघळते, आणि अंतर वाढेल तशी आणखी. सॉफ्टवेअरचा तयार ड्रॉप शॅडो, म्हणजे एका क्लिकवर पडणारी सावली, सगळीकडे सारखाच मऊ असतो, म्हणून तो कागद चिकटवल्यासारखा दिसतो. शिवाय बूट जमिनीला टेकतो तिथे एक बारीक, गडद रेघ असते. ती विसरली की बाकी सगळं बरोबर असूनही पाय हवेत राहतात.

इंदिरानगरचे एक काका एरवी फक्त अंगठा टाकतात. त्यांनी घरी जाऊन स्वतःच्या जुन्या कामावर अर्धा पान लिहून पाठवलं. फार बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर

आज काळेपणा. लांबच्या डोंगराशी उभा केलेला माणूस जवळच्या माणसाइतका गडद असता कामा नये, मधल्या हवेने काळा रंग राखाडी होतो. हे तपासायला सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाकायचा आणि डोळे किलकिले करून बघायचं. कट-आउटचा, म्हणजे कापून बसवलेल्या तुकड्याचा, काळा बाजूच्या काळ्याहून वेगळा निघाला की लगेच कळतं. पुढचं काम कर्व्ह्जचं, म्हणजे उजळ-गडदपणा जुळवणाऱ्या साधनाचं.

१४ डिसेंबर

नांदूरमधमेश्वरच्या फ्लेमिंगोंवरून आज तापलं. एका सदस्याने धरणाच्या पाण्यावर, सूर्य समोर असलेल्या पहाटेच्या आकाशात, उडत्या फ्लेमिंगोंचा थवा बसवला. दिसायला देखणं. ओळ मात्र एवढीच: ‘आजची सकाळ.’

तांत्रिक बाजू सरळ होती. सूर्य पक्ष्यांच्या मागे आहे, म्हणजे आपल्याला त्यांची सावलीतली बाजू आणि पंखांच्या कडेला उजेडाची झालर दिसायला हवी. इथे पोटं उजळलेली आहेत. पक्षी जास्त आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता वाढवून काढलेले, आकाश कमी. निळा चॅनल, म्हणजे चित्रातला फक्त निळ्या रंगाचा थर, एकटा उघडला की पक्ष्यांभोवती नॉइझचे ठिपके आणि आकाश स्वच्छ, असा फरक उघडा पडतो. आणि थव्यातल्या दोन पक्ष्यांचे पंख, माना, पाय तंतोतंत एक आहेत. एकच पक्षी दोनदा वापरलाय.

यावर कोणी वाईट लिहिलं नाही, सगळ्यांनी जागा दाखवूनच लिहिलं. वाद झाला तो त्या ओळीवरून. माझं मत मी स्पष्ट लिहिलं. नांदूरमधमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२० मध्ये ते जाहीर झालं. तिथे कोणते पक्षी कधी आले याची नोंद ठेवणारे लोक असे फोटो पाहतात, जपून ठेवतात. ‘आजची सकाळ’ म्हटलं की चित्र नोंद बनतं, आणि नोंदीत न आलेला थवा घालता येत नाही. फियाप आणि पीएसए या फोटोग्राफी स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या निसर्गविभागाच्या व्याख्येतही चित्रात काही घालणं, हलवणं, बदलणं चालत नाही. तेच चित्र ‘कॉम्पोझिट’ म्हणून क्रिएटिव्ह विभागात टाकलं तर कोणाचीच हरकत नाही, आणि तिथे पोटाकडचा उजेड हा चर्चेचा खरा मुद्दा होतो.

सदस्याला हे एकट्याला फोन करून आधी सांगितलं, ग्रुपवर नंतर. कलाकुसरीवर चारचौघांत बोलावं, पण सचोटीचा मुद्दा निघाला तर माणसाला आधी एकट्याशी बोलून वाट द्यावी, असं मला मनापासून वाटतं. त्याने ओळ बदलली. पक्ष्यांचाही सूर्य समोर असलेला दुसरा फोटो त्याच्याकडेच निघाला.

२२ डिसेंबर

दिंडोरीकडच्या द्राक्षबागेवर उभी आकाशगंगा. ओळीत लिहिलंय: ‘थंडीतली रात्र, बाग, आणि वर आकाशगंगेचं केंद्र.’

जेल रोडच्या ताईंनीच पकडलं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवतो: “आत्ता धुंधुरमास चालू आहे. सूर्यच धनु राशीत, आणि आकाशगंगेचं केंद्रही धनु राशीकडेच. मग ते दिवसा आकाशात असणार, रात्री कसं दिसेल?” आईच्या हातची पहाटेची बाजरीची भाकरी आणि खिचडी खाऊन मोठ्या झालेल्या बाईला हे सुचलं, याचा मला अभिमान वाटला. पहाटेच्या आकाशात केंद्र वर यायला फेब्रुवारी उजाडतो.

पण त्या तिथेच थांबल्या नाहीत, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. त्यांनी पुढे लिहिलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलींवर घडही पिकलेले असतात, तेव्हा पहाटे त्याच बागेत ट्रायपॉड लाव, कदाचित कॉम्पोझिटची गरजच उरणार नाही. आणि आत्ताच करायचं असेल तर थंडीतल्या रात्रीचं खरं आकाश, मृग आणि व्याध, तेवढंच देखणं आहे. चूक दाखवताना दोन वाटा उघडून दिल्या. मुलगा खूश आहे, शेतमालकाचा नंबर मिळवतोय.

४ जानेवारी २०२६

पंचवटीतल्या एका काकांनी भीत भीत एक चित्र पाठवलं, तेही फक्त मला. त्यांच्या आईंना ऐंशी पूर्ण होत आहेत, सहस्रचंद्रदर्शनाचा घरगुती कार्यक्रम आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दोघांचा एकत्र असा एकही धड फोटो नाही. वडिलांचा स्टुडिओतला सत्तरच्या दशकातला छातीपर्यंतचा फोटो आणि वाड्याच्या ओसरीत आत्ता काढलेला आईंचा फोटो, दोन्ही शेजारी बसवलेत.

मी आधी विचारलं, “काका, ग्रुपने यावर बोललेलं चालेल का?” ते म्हणाले, चालेल, पण ‘फेक’ हा शब्द नको. तेवढं मी सगळ्यांना आधीच कळवून ठेवलं.

चित्रात तीन-चार अडचणी होत्या. वडिलांवर उजेड फोटोच्या डाव्या बाजूने, आईंवर उजवीकडच्या दारातून. वडिलांचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, आईंचा फोटो मात्र उभं राहून वरून काढलेला, त्यामुळे त्या लहानखुऱ्या आणि एकट्या दिसतात. वडिलांचं डोकं आईंच्या डोक्याच्या दीडपट. आणि जुन्या प्रिंटचा कागद रेशमी खडबडीचा, स्कॅनमध्ये त्याची जाळी चेहऱ्यावर आलीय.

पहिली सूचना आली, वडिलांचा फोटो आडवा उलटा कर, उजेड जुळेल. मी नको म्हटलं. उलटा केला की भांग दुसऱ्या बाजूला जातो, शर्टाची बटणपट्टी उलटते. जिने तो चेहरा जन्मभर समोर पाहिला तिला पहिल्याच क्षणी परका वाटेल. जुना फोटो बदलता येत नाही. बदलता येतं ते आजचं. आईंची खुर्ची फिरवून दार फोटोच्या डावीकडे आणा आणि दारावर पांढरं धोतर टांगा, म्हणजे उजेड स्टुडिओसारखा मऊ होईल. कॅमेरा खाली आणा. एडिटिंगचे चार तास दहा मिनिटांच्या फोटोने वाचतात.

जाळीसाठी जेल रोडच्या ताईंनी सांगितलं की प्रिंट एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करा, मग दोन्ही एकमेकांवर बसवून निम्मी पारदर्शकता द्या. खडबडीवर पडणारा स्कॅनरचा उजेड दोन विरुद्ध बाजूंनी येतो, त्यामुळे जाळी बरीचशी फिटते.

११ जानेवारी

काकांनी नवा मसुदा आईंनाच दाखवला. त्या म्हणाल्या, “हे असे शेजारी कधी बसायचे नाहीत रे. फोटो म्हटला की माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे.”

आम्ही सगळे उजेड आणि कडांमध्ये होतो. चित्रात काय असायला हवं होतं ते फक्त त्यांना ठाऊक होतं. वडील खुर्चीमागे गेले आणि छातीखालचा कापलेला भाग खुर्चीच्या पाठीआड लपला, जमिनीवरची सावली रंगवायची गरज उरली नाही. कॅमेरा दोघांच्या डोळ्यांच्या मधल्या उंचीवर आणून आईंचा फोटो पुन्हा घेतला. डोकं मागे गेल्यामुळे किंचित लहान केलं. दोन्ही फोटो कृष्णधवल, आईंच्या फोटोला जुन्या प्रिंटइतकीच ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे.

यापुढे व्यक्तिचित्राच्या कॉम्पोझिटवर पहिला प्रश्न हाच ठेवायचा: चित्रातल्या माणसाला ओळखणाऱ्या कोणाला दाखवलंस का?

२५ जानेवारी

काकांची प्रिंट आली. मोठी प्रिंट काढण्याआधी चेहऱ्यांच्या भागाची लहान चाचणी प्रिंट घेतली होती, त्यात वडिलांच्या कोटाचा काळा साफ बुजला. फोनचा पडदा मागून उजळतो, कागद नाही. सावल्या थोड्या उघडून मग मोठी काढली. चाचणी प्रिंटचा आग्रह आता सगळ्यांना धरायचा.

प्रकल्प मार्चपर्यंत वाढवावा असं बहुतेकांचं म्हणणं आहे. विषय रंगपंचमीचा: जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारणाऱ्याची उडी, एकाच जागेवरून टिपलेल्या अनेक क्षणांची एका चित्रात. कॅमेरा न हलता सगळे तुकडे मिळाले तर उजेड, उंची, ग्रेन सगळं आपोआप जुळेल. अडचण रिकाम्या फ्रेमची आहे, गर्दी एकदा जमली की ती मिळत नाही. त्यासाठी सकाळी रहाडीची पूजा होते तेव्हाच ट्रायपॉड लावायचा. शनी चौकातल्या कोणाच्या गॅलरीत उभं राहता येईल, याची चौकशी कॉलेज रोडच्या मुलाकडे दिली आहे. कॅमेऱ्याला प्लास्टिक सगळ्यांनी आपापलं आणायचं.